चिऊचे बंद दार

मराठी घरातल्या मुलाच्या कानावर पडणारी पहिली गोष्ट बहुधा एका बंद दाराची असते. पाऊस कोसळतो. काऊचे शेणाचे घर वाहून जाते, चिऊचे मेणाचे घर टिकते. भिजलेला काऊ दार वाजवतो. चिऊ आतून सांगते, थांब, बाळाला न्हाऊ घालते आहे. मग थांब, तीट लावते आहे. मग थांब, त्याला निजवते आहे. गोष्ट सांगणाऱ्या आजीला ठाऊक असते, की चिऊ जितक्या वेळा थांब म्हणेल तितके घास पोटात जातील. त्यामुळे दार काही लवकर उघडत नाही. चिऊ गुणाची आणि काऊ वाईट, हेही त्या घासांबरोबरच पोटात जाते. पण एखादे चार वर्षांचे पोर मधेच विचारते, "पण तो भिजत होता ना?" आजी म्हणते, "आ कर."

आज २ एप्रिल, आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन. डेन्मार्कचा कथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन १८०५ साली याच तारखेला जन्मला, म्हणून १९६७ पासून हा दिवस जगभर पाळला जातो. आपल्याकडे तो नेमका वार्षिक परीक्षांच्या धामधुमीत येतो. पण परीक्षा संपल्या की सुट्टी लागते, पुस्तकांची प्रदर्शने भरतात आणि पालक मुलांसाठी पुस्तके चाळू लागतात. तिथे हमखास ऐकू येणारा एक शब्द म्हणजे 'संस्कारक्षम'. नायक कसा हवा? शूर, प्रामाणिक, आज्ञाधारक. त्यातून नायक ससा किंवा उंदीर असला तर मग बोलायलाच नको. गोंडस प्राण्याने खोटे बोलावे, चोरी करावी, बढाया माराव्यात, हे अनेकांना रुचत नाही. म्हणूनच आजच्या निमित्ताने एक प्रश्न विचारायला हवा. मुलांच्या कल्पनारम्य प्राणीकथांतल्या नायकात दोष असावेत का?

प्रश्न मुलांच्या पुस्तकांचा आहे, म्हणून तो छोटा नाही. सुरुवात ज्याचा आज जन्मदिवस त्याच्यापासूनच करू. 'कुरूप बदकाचे पिल्लू' ही अँडरसनची गोष्ट १८४३ सालची. गदिमांच्या शब्दांतून आणि आशाताईंच्या आवाजातून ते पिल्लू मराठी घरांत कधीच मुक्कामाला आले आहे. या पिल्लाचा दोष कोणता? कोणताच नाही. सगळे त्याला टोचतात, हिणवतात आणि ते सोसत राहते. शेवटी पाण्यात स्वतःचे प्रतिबिंब पाहते तर तो राजहंस! आपल्याला हायसे वाटते. पण जरा थांबून पाहिले तर गोष्ट अस्वस्थ करते. पिल्लाने काहीही कमावलेले नाही. ते मुळात राजहंसाच्या अंड्यातले होते, एवढीच त्याची पुण्याई. आणि ते खरोखरच बदकाचे, पण थोडे बेढब पिल्लू असते तर? मग त्याला टोचणारे बरोबर ठरले असते का? या प्रश्नाला गोष्टीत उत्तर नाही. निर्दोष नायकाच्या मागे बहुतेक वेळा असे एखादे अंडे दडलेले असते.

कोणी म्हणेल, प्राणीकथेची रीतच तशी आहे. पंचतंत्रातला कोल्हा धूर्त, गाढव मूर्ख, सिंह बलवान आणि कानाचा हलका. अमरशक्ती राजाच्या तीन मंदबुद्धी मुलांना शहाणे करण्यासाठी विष्णुशर्म्याने या गोष्टी सांगितल्या, अशी ग्रंथाची चौकट आहे. राजनीती शिकवायची, तर पात्रे बुद्धिबळातल्या सोंगट्यांसारखी असावी लागतात. उंट तिरकाच चालला पाहिजे. तरीही पंचतंत्र आपल्याला वाटते तितके सोवळे नाही. त्यात मित्रांत भेद पाडणारा दमनक शेवटी जिंकतो. निळीच्या पिंपात पडून राजा झालेला कोल्हा दुष्ट म्हणून उघडा पडत नाही. दुरून कोल्हेकुई ऐकू येते, त्याला राहवत नाही आणि तोही गळा काढतो, म्हणून पडतो. पण ही दोन-तीन पानांची बोधकथा असते. तीनशे पानांच्या कादंबरीत मूल एका सशाबरोबर महिनाभर राहते. तिथे सोंगटी चालत नाही. ज्याच्यासोबत महिना काढायचा, तो कसा वागेल हे आधीच माहीत असेल तर सोबत कसली?

दोषांनी भरलेला आणि तरीही मुलांचा लाडका असा प्राणी शोधायचा, तर केनेथ ग्रॅहम यांच्या 'द विंड इन द विलोज' या १९०८ सालच्या पुस्तकातल्या टोडला पर्याय नाही. ग्रॅहम बँक ऑफ इंग्लंडमध्ये सेक्रेटरी होते. एकुलत्या एका मुलाला, अॅलिस्टरला, झोपताना सांगितलेल्या आणि मग पत्रांतून लिहून पाठवलेल्या गोष्टींतून हे पुस्तक झाले. टोड म्हणजे बेडकाच्या कुळातला एक वडिलोपार्जित श्रीमंत. मोठी हवेली, खिशात पैसा आणि अंगात रोज नवे वेड. मोटारगाडीचे वेड लागल्यावर तो गाड्या आपटत सुटतो. मित्र त्याला खोलीत कोंडतात, तर आजारपणाचे सोंग घेऊन पळतो आणि थेट दुसऱ्याची मोटार चोरतो. न्यायाधीशांचा हिशेब मोठा मजेदार आहे. चोरीबद्दल एक वर्ष, बेफाम गाडी हाकल्याबद्दल तीन वर्षे आणि पोलिसाला उर्मट बोलल्याबद्दल पंधरा वर्षे. बेरीज एकोणीस होते, म्हणून पूर्णांक करून वीस! मग टोड धोबिणीच्या कपड्यांत तुरुंगातून निसटतो आणि निसटताना स्वतःच्या हुशारीची गाणी रचतो.

मुलांना हा प्राणी का आवडतो? तो वाईट वागतो म्हणून नव्हे. बढाई मारण्याची उबळ, हवे ते आत्ताच हवे असण्याचा हट्ट आणि पकडले गेल्यावरचे ढसाढसा रडणे हे सगळे त्यांच्या रोजच्या ओळखीचे असते. शिवाय त्याला सोडून न जाणारे मित्र असतात. पाणउंदीर, मोल आणि बॅजर त्याला रागावतात, कोंडतात, पण टाकत नाहीत. शेवटी मेजवानीच्या दिवशी मित्र बजावतात, आज स्वतःची गाणी म्हणायची नाहीत. टोड खोलीत जातो, दार लावतो, रिकाम्या खुर्च्या अर्धवर्तुळात मांडतो आणि त्यांच्यासमोर एकदाच मनसोक्त गातो. मग खाली येऊन नम्रपणे पाहुण्यांचे स्वागत करतो. तो सुधारला का? लेखक पैज लावत नाही. दोष मेलेला नाही, फक्त त्याला आवरायचे कसे एवढे टोड शिकला आहे. मोठी माणसे तरी आयुष्यभरात याहून जास्त काय शिकतात?

टोडचे दोष हसवणारे आहेत. रिचर्ड अॅडम्स यांच्या 'वॉटरशिप डाउन' या १९७२ सालच्या कादंबरीतला हेझल हा ससा आपल्या दोषाची किंमत मोजतो. मोटारीच्या लांब प्रवासात आपल्या दोन मुलींना सांगितलेली ही गोष्ट. घर उद्ध्वस्त होणार हे फायवर या दुबळ्या सशाला आधीच जाणवते आणि मूठभर ससे नवी जागा शोधायला निघतात. हेझल त्यांचा नायक होतो, पण तो सगळ्यांत बलवान नाही, ते बळ बिगविगकडे आहे. सगळ्यांत हुशारही नाही आणि त्याला भविष्यही दिसत नाही. कोणाला काय जमते हे ओळखून त्याला ते करू देणे, हाच त्याचा गुण. तरीही एकदा त्यालाही मोह होतो. इतर साथीदार दूरच्या मोहिमेवर गेलेले असताना आपणही काहीतरी मोठे करून दाखवावे, या हौसेपायी तो शेतघरातले पाळीव ससे सोडवायला रात्री जातो. फायवर नको म्हणत असतो. हेझल ऐकत नाही आणि त्याच्या मागच्या पायात बंदुकीचे छर्रे घुसतात. तो वाचतो, पण पुढच्या साऱ्या कादंबरीत लंगडतो. लेखक त्यावर प्रवचन करत नाही, लंगडणे मात्र विसरू देत नाही.

याच लंगड्या सशाच्या जोरावर कादंबरीतला सर्वांत मोठा क्षण उभा राहतो. क्रूर जनरल वूंडवर्टसमोर बिळाच्या अरुंद वाटेत बिगविग आडवा पडून लढतो आणि सांगतो, माझ्या मुख्याने मला ही वाट राखायला सांगितले आहे. वूंडवर्ट गडबडतो. इतक्या दांडग्या सशाचा मुख्य म्हणजे याहून दांडगा असणार! मुख्य सशाने लंगडे असावे, तरी इतरांनी त्याच्यासाठी जीव द्यायला तयार व्हावे, हे बळाच्या बुद्धीला कळतच नाही. हेझल निर्दोष आणि सर्वशक्तिमान असता तर हा प्रसंग लिहिताच आला नसता.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकू, कारण ते हलके नाही. लिव्हरपूलचे ब्रायन जेक्स ट्रकवरून दूध पोहोचवत. त्या वाटेवर अंध मुलांची एक शाळा होती. तिथल्या मुलांना ते पुस्तके वाचून दाखवू लागले, पण मुलांसाठी मिळणाऱ्या पुस्तकांनी त्यांचे समाधान होईना. म्हणून त्यांनी स्वतःच लिहायला घेतले. त्यातून १९८६ साली 'रेडवॉल' आले आणि पुढे त्या मालिकेची बावीस पुस्तके झाली. न पाहणाऱ्या मुलांना दिसावे म्हणून जेक्स यांनी वास, चवी, आवाज यांनी पाने भरून टाकली. त्यांच्या मेजवान्यांची वर्णने वाचताना भूक लागते. ज्या मुलाच्या वाट्याला जगाने आधीच पुरेसा अंधार दिला आहे, त्याला गोष्टीत तरी चांगले ते चांगले आणि वाईट ते वाईट असे लख्ख मिळायला नको का? लहानग्याला आधाराला धरायचे बोट थरथरते असून चालत नाही. हा युक्तिवाद आम्ही उडवून लावणार नाही. पाच वर्षांच्या मुलाला तो पूर्ण लागू पडतो.

पण रेडवॉलच्या मठात जरा आत शिरून पाहा. नायक मॅथायस हा मठातला शिकाऊ उंदीर. पायात मापापेक्षा मोठ्या चपला, त्यात अडखळून तो पहिल्याच प्रसंगी मठाधिपतींसमोर पडतो. हा दोष आहे का? ही तीट आहे. बाळ फार देखणे दिसू नये म्हणून गालाला लावतात ती. हल्ली बालसाहित्यात अशा तिटा फार दिसतात. नायक वेंधळा असतो, विसराळू असतो, त्याला खादाडपणाची आवड असते, पण त्याच्यामुळे कधी कोणाचे काही बिघडत नाही. ज्याची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागत नाही, त्याला दोष म्हणता येत नाही.

मग खरे दोष गेले कुठे? घरातला केर शेजारच्या दारात लोटावा तसे ते दुसऱ्यांकडे गेले. या जगात उंदीर, खारी, बॅजर, पाणमांजरे चांगली. घुशी, वीझल, स्टोट, फेरेट वाईट. अपवाद आहेत, 'द बेलमेकर' मधला ब्लॅगट हा घूस-खलाशी चक्क चांगला निघतो. पण नियम नियमच. १९९५ च्या 'आउटकास्ट ऑफ रेडवॉल' मध्ये हा नियम ऐरणीवर आला. शत्रूचे टाकून दिलेले फेरेट-पिल्लू मठातल्यांना सापडते. त्याचे नाव वेल ठेवतात. इंग्रजीत त्याच अक्षरांची उलटापालट केली की 'दुष्ट' आणि 'नीच' असे दोन शब्द होतात. म्हणजे बारशालाच निकाल लागला. ब्रायनी ही उंदरीण त्याला जीव लावून वाढवते. तो चोऱ्या करतो, विष घालू पाहतो आणि मठातून हाकलला जातो. शेवटी स्वतःच्या बापाच्या वारापुढे उभा राहून तो ब्रायनीला वाचवतो आणि मरतो. इथे एक विलक्षण कादंबरी जन्म घेत होती. पण अखेरीस लेखक ब्रायनीच्याच तोंडून वदवतो, की तो वाईटच होता.

आपल्याकडे यासाठी एक वाक्प्रचार आहे, 'शेवटी जातीवर गेला.' कुत्र्याची जात, मांजराची जात, सापाची जात असे आपण सहज म्हणतो आणि माणसालाही तोच शब्द लावतो. इंग्रजी वाचकाला वेलची गोष्ट एक फसलेला शेवट वाटेल. मराठी वाचकाला ती ओळखीची वाटावी, कारण ती त्याने प्राण्यांबद्दल नव्हे, माणसांबद्दल ऐकलेली असते.

म्हणून नायकात दोष असावेत का, हा प्रश्न अर्धाच आहे. एका बाजूचे सगळे दोष काढून घेतले की ते गोष्टीतून नाहीसे होत नाहीत, त्यांना कोणाच्या तरी अंगावर टाकावे लागते. प्राण्यांच्या कादंबरीत ते एखाद्या जातीच्या अंगावर टाकणे फार सोपे असते. निर्दोष नायक आणि जन्मजात खलनायक ही जुळी भावंडे आहेत. आमचा आक्षेप नायकाच्या चांगुलपणावर नाही, त्या चांगुलपणासाठी दुसऱ्या कोणाच्या तरी जन्मावर चढवलेल्या कर्जावर आहे.

या कसोटीवर आमचा लाडका टोडही पुरता उतरत नाही. तो तुरुंगात असताना त्याची हवेली जंगलातले वीझल आणि स्टोट बळकावतात. चौघे मित्र भुयारातून येऊन त्यांना सोटे घालून हुसकावतात. मोटार चोरणाऱ्याला क्षमा मिळते, कारण तो हवेलीचा मालक. जंगलातल्यांना मार मिळतो, कारण ते जंगलातले. ही खोच ओळखून जॅन नीडल या लेखकाने १९८१ साली 'वाइल्ड वुड' लिहिले आणि तीच गोष्ट एका कष्टकरी फेरेटच्या तोंडून सांगितली. तिथून पाहिले तर हवेली बळकावणारे उपाशी दिसतात. गोष्टीला दुसऱ्या दाराने आत जाता येते, ते असे.

केट डिकॅमिलो यांच्या 'द टेल ऑफ डेस्परो' ला २००४ चे न्यूबेरी पदक मिळाले. त्यातला रोस्क्युरो हा तळघरातला घूस, पण त्याला उजेडाचे वेड. उजेड पाहायला तो वर जातो, झुंबरावरून राणीच्या सूपमध्ये पडतो, राणी धसक्याने मरते आणि राजकन्या त्याच्याकडे घूस म्हणून पाहते. त्या एका नजरेने तो दुष्ट होतो. दुष्टपणा इथे अंड्यातून येत नाही. तो कसा घडला हे मुलाला पायरीपायरीने पाहता येते आणि जे घडते ते टाळताही आले असते, हेही कळते.

मराठी मुलांना यातले काही नवखे नाही. पिढ्यान्पिढ्यांचा आपला सर्वांत लाडका बालनायक म्हणजे साने गुरुजींचा श्याम. १९३५ सालच्या त्या पुस्तकात श्याम पोहायला भितो, लपून बसतो आणि आईच्या हातचा मार खातो. संस्कार हा शब्द ज्या पुस्तकाला सर्वांत जास्त चिकटला, त्याचा नायक पानोपानी चुकतो. तो चुकला नसता तर आईला बोलायला काही उरले नसते. माणसाच्या मुलाला आपण ही मुभा दिली, प्राण्यांच्या वाट्याला मात्र शहाणा ससा आणि लबाड कोल्हाच ठेवला. व्यंकटेश माडगूळकरांनी 'सत्तांतर' मध्ये वानरांच्या टोळीतला सत्तेचा रक्तरंजित खेळ कोणालाही नायक किंवा खलनायक न ठरवता रंगवला. त्याला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. पण ती मोठ्यांची कादंबरी. त्या नजरेतले थोडे धाडस मुलांच्या पुस्तकात उतरायला हवे. लिहिणाऱ्यांनी ते करावेच, पण विकत घेणाऱ्यांनीही पुस्तक परत फळीवर ठेवण्याआधी दोनदा विचार करावा. ससा खोटे बोलतो म्हणून ते पुस्तक नाकारायचे आणि प्रत्येक कोल्हा लबाडच असतो ते घरी न्यायचे, यातले धोक्याचे नेमके कोणते?

याच महिन्यात ११ तारखेला महात्मा फुले यांची आणि १४ तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती. जन्मावरून कोणाची लायकी ठरवू नये, हे मुले त्या दिवशी भाषणांतून ऐकतील. पण भाषण कळण्याचे वय येण्याच्या कितीतरी आधी गोष्ट येऊन बसलेली असते. जातीवर जाणारा कोल्हा चौथ्या वर्षी पक्का झाला असेल, तर चौदाव्या वर्षीच्या भाषणाने तो हलणे कठीण.

चिऊकाऊची गोष्ट बदलायची मुळीच गरज नाही. ती चांगली गोष्ट आहे आणि आपण समजतो त्याहून धीट आहे. तिच्यातली चिऊ बाळाला जपणारी आहे आणि दाराबाहेरच्याला ताटकळत ठेवणारीही आहे. गोष्टीने तिचा दोष लपवलेला नाही, पुन्हा पुन्हा 'थांब' म्हणायला लावून तो चांगला लांबवला आहे. आपणच घाईत तो ऐकला नाही. तेव्हा आज रात्री कोणी ही गोष्ट सांगायला बसले, तर दार उघडायला लागलेला तो वेळ गाळू नये. आणि पोराने विचारलेच, की तो भिजत होता ना, तर हातातला घास क्षणभर तसाच ठेवून म्हणावे, "हो रे, भिजत होता."